असंबद्ध विनोद लिहिताय? आधी एवढं बघा

तुमचं स्किट वाचलं. कल्पनाशक्ती भरपूर आहे, लिहीत राहा. पण सुचेल ते लिहिलं की असंबद्ध विनोद होतो, हा समज सोडा. 'माँटी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळींचं १९६९चं मेलेल्या पोपटाचं स्किट बघा. वेडेपणा एकच: पोपट मेलाय हे दुकानदार कबूलच करत नाही. बाकी सगळं नेहमीचं गिऱ्हाईक-दुकानदाराचं भांडण. त्याचं मूळ १९६८च्या, बिघडलेल्या गाडीच्या तक्रारीवरच्या स्किटमध्ये आहे. म्हणजे सांगाडा आधी, पोपट नंतर!

सुरुवातीला दोनच गोष्टी सांभाळा:

- एका प्रसंगात एकच अशक्य गोष्ट. नवे लेखक दर ओळीला नवी घालतात, मग कशाचंच आश्चर्य उरत नाही.
- पात्रांनी ती गंभीरपणेच घ्यावी.

शेवटच्या पंचची, म्हणजे हशा पिकवणाऱ्या शेवटच्या वाक्याची, काळजी आत्ता नको. पायथन मंडळी तो बरेचदा गाळूनच टाकत.