काकाडूच्या पाणथळीत म्हैस का नको?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, विषुववृत्ताच्या दक्षिणेस १२ ते १४ अंशांच्या पट्ट्यात, सुमारे २०,००० चौरस किलोमीटर पसरलेले काकाडू राष्ट्रीय उद्यान आहे. त्याची घोषणा १९७९ मध्ये झाली आणि १९८१ मध्ये निसर्ग व संस्कृती अशा दोन्ही निकषांवर युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. गेल्या अंकात या उद्यानाची ओळख करून दिल्यानंतर आलेल्या पत्रांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : काकाडूत मोकाट म्हशी गोळ्या घालून मारल्या गेल्या, असे आपण लिहिले. म्हैस तर पाण्यात डुंबणारे जनावर. पाणथळ जागेला तिचा उपद्रव कसा होईल? (एक दुग्धव्यावसायिक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्याकडच्या म्हशीवरून तेथल्या म्हशीचा अंदाज बांधता येणार नाही, कारण तेथे तिला ना दावे होते ना गोठा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिशांनी उत्तर किनाऱ्यावरील आपल्या ठाण्यांच्या अन्नसाठ्यासाठी तिमोर आणि आसपासच्या बेटांवरून म्हशी आणल्या. पुढे ठाणी गुंडाळली आणि जनावरे मागे राहिली. विसाव्या शतकात उत्तर ऑस्ट्रेलियात त्यांची संख्या लाखांच्या घरात गेली.

काकाडूतील नद्यांच्या काठची सपाट पूरमैदाने भरतीच्या पातळीपेक्षा जेमतेम उंच आहेत, आणि गोड्या पाण्याचा पसारा व भरतीच्या खाड्या यांच्यामध्ये अनेक ठिकाणी गाळाचा बुटका नैसर्गिक बांध तेवढा असतो. रोज त्याच वाटेने उतरणाऱ्या म्हशींच्या खुरांनी तो बांध खचतो, वाटांचे चर होतात आणि उधाणाचे पाणी त्या चरांतून आत शिरते. रायगडच्या खारेपाटात बाहेरकाठ्याला, म्हणजे समुद्राकडच्या बांधाला, खांड (भगदाड) गेली की खारे पाणी शिरून भातशेतीचे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. काकाडूत मात्र ती खांड बुजवायला कोणी नव्हते. मेलाल्युकाची, म्हणजे कागदासारखी साल सुटणाऱ्या झाडांची, राने मुळांशी खारे पाणी साचल्याने उभी वाळून गेली.

गुरांमधील क्षय आणि ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात, हे रोग देशातून हटवण्यासाठी चाललेल्या मोहिमेत १९८० च्या दशकात येथील बहुतेक म्हशी पकडण्यात किंवा मारण्यात आल्या. तुडवलेल्या काठांवर वनस्पती पुन्हा उभी राहिली, हे खरे. पण म्हशी गेल्यावर आपल्या परिचयाच्या दुसऱ्याच एका पाहुण्याने डोके वर काढले, तो म्हणजे पॅरा गवत. आपण ते ओलसर शेतात किंवा नाल्याकाठी वैरण म्हणून लावत असाल. तेथेही ते वैरण म्हणूनच आणले होते. चरणारे तोंड हटताच ते पूरमैदानावर पसरू लागले आणि रानभात व पाणशिंगाड्यासारखे कंद धरणारी लव्हाळी यांची जागा त्याने घेतली. मॅगपाय गूज हा काळापांढरा, हंसासारखा पक्षी पाणी आटू लागल्यावर चोचीच्या बाकदार टोकाने चिखल उकरून तेच कंद काढून खातो. पॅरा गवताच्या गादीखाली त्याला काहीच सापडत नाही. शिवाय हे गवत वाळले की त्याची आग रानभाताच्या आगीपेक्षा कितीतरी प्रखर असते.

मग म्हशी ठेवल्या असत्या तर बरे झाले असते का? माझ्या मते नाही. गवतावर फवारणी करता येते आणि ते जाळताही येते, पण एकदा आत आलेली खाडी मागे हटवणे जवळपास अशक्य असते. समुद्राची पातळी वाढत असताना तर अधिकच. म्हणूनच मोकाट म्हशी पुन्हा वाढू नयेत यासाठी आजही प्रयत्न करावे लागतात.

प्रश्न : मगरींना संरक्षण दिल्यामुळे त्या फार वाढल्या आणि लहान प्राणी संपले, असे म्हणतात. हे खरे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : मगरी वाढल्या हे खरे, दुसरे विधान खरे नाही. कातड्यासाठी बेसुमार शिकार झाल्याने खाऱ्या पाण्यातली मगर तेथून नाहीशी होण्याच्या बेतात होती. काकाडू ज्या प्रांतात आहे त्या नॉर्दर्न टेरिटरीत १९७१ मध्ये तिला संरक्षण मिळाले आणि तिने पुन्हा जम बसवला.

लहान मांसाहारी प्राण्यांवर खरा घाला घातला तो केन टोड या विषारी भेकाने. उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीचे भुंगे तो खाईल, या आशेने १९३५ मध्ये तो हवाईहून क्वीन्सलंडमध्ये आणला गेला. हुमणी राहिली ती राहिलीच, आणि भेक मजल दरमजल करत २००१ मध्ये काकाडूत पोहोचला. मांजरापेक्षा लहान, अंगावर पांढरे ठिपके असलेला नॉर्दर्न क्वॉल त्याला भक्ष्य समजून तोंडात धरी आणि मरून पडे. काही वर्षांतच उद्यानाच्या मोठ्या भागातून क्वॉल दिसेनासे झाले. यावर संशोधकांनी योजलेला उपाय मोठा विलक्षण आहे. मळमळ आणणारे औषध घातलेला लहान मेलेला भेक पिंजऱ्यातील क्वॉलला खाऊ घातला, की त्याला त्या वासाचाच तिटकारा बसतो. अशी शिकवण मिळालेले क्वॉल रानात सोडल्यावर अधिक काळ जगल्याचे दिसले. एवढ्यावर प्रश्न सुटला असे मात्र नाही.

प्रश्न : जागतिक वारसा असलेल्या जागेत युरेनियमची खाण कशी चालू दिली? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : कागदोपत्री रेंजर खाणीचा पट्टा उद्यानातून वगळलेला होता, नकाशात पाहिले तर तिच्या चारी बाजूंना उद्यानच आहे. तेथील उत्पादन जानेवारी २०२१ मध्ये थांबले आणि जमीन पूर्ववत करण्याचे काम मागे उरले. शेजारच्या जाबिलुका येथील युरेनियम साठ्याचे खाणकाम मात्र त्या भूमीचे आदिवासी मालक असलेल्या मिरार लोकांनी पुढे जाऊ दिले नाही. १९९८ मध्ये त्यांनी तेथे मोठे आंदोलन उभारले आणि २०२४ मध्ये त्या खाणपट्ट्याचे नूतनीकरण नाकारण्यात आले. कूंगारा येथील साठ्याचे वारस जेफ्री ली यांनी तर पैशावर पाणी सोडून जमीन उद्यानात घालण्याचा आग्रह धरला, आणि २०१३ मध्ये तसे झाले.

प्रश्न : मुलगा मेलबर्नला असतो. डिसेंबरात त्याच्याकडे जाऊ तेव्हा काकाडू पाहावे का? आमच्या जाण्याने तेथील निसर्गाचे नुकसान तर होणार नाही ना? (एक निवृत्त दाम्पत्य, पुणे)

उत्तर : डिसेंबरात तेथे उकाडा आणि वळवाचे दिवस असतात, त्यानंतरच्या पावसात अनेक रस्ते पाण्याखाली जातात. शक्य असल्यास ऑगस्ट-सप्टेंबरात जावे. तेव्हा पाणी आटत आलेले असते आणि पक्षी उरलेल्या डोहांवर एकवटतात. यलो वॉटर येथील पहाटेची नौकाफेरी चुकवू नये. तेथे फुललेले कमळ आपलेच आहे, आणि काळ्या मानेचा करकोचा भारतात आता विरळा झाला असला तरी तो तेथे सहज दिसतो.

नुकसानीबद्दल म्हणाल, तर उद्यानाची बरीचशी जमीन तेथील आदिवासी मालकांची असून ती सरकारला भाडेपट्ट्याने दिलेली आहे, आणि व्यवस्थापन मंडळात त्यांचेच बहुमत आहे. तरीही गुनलोम धबधब्याजवळ एका पवित्र स्थळालगत पायवाट बांधली गेली, आणि त्यामुळे २०१९ पासून ती जागा पर्यटकांसाठी दीर्घकाळ बंद राहिली. पाटी दिसेल तेथे मागे फिरावे. पुढे धोका मगरीचाच असेल असे नाही. फेरी निवडताना स्थानिक बिनिंज, म्हणजे तेथल्या आदिवासी, वाटाड्याची निवडावी. ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीवरील गुलुयाम्बी नौकाफेरी तशी आहे.

आणखी एक गोष्ट हातची आहे. आपल्या लाजाळूची काटेरी थोरली बहीण शोभणारी मिमोसा पिग्रा ही झुडपे शेजारच्या पूरमैदानांवर माणसापेक्षा उंच माजली आहेत. काकाडूत मात्र एक छोटे पथक १९८० च्या दशकापासून त्यांचे रोप दिसेल तेथे उपटत आले आहे. तिच्या केसाळ शेंगांचे तुकडे पाण्यावर तरंगतात, कपड्यांना चिकटतात आणि चाकांच्या चिखलातून प्रवास करतात. तेव्हा इतर पाणथळी पाहून काकाडूत जाणार असाल, तर बुटांचे तळ आणि गाडीची चाके आधी धुऊन घ्यावीत, आणि पँटच्या दुमडींत काही अडकले आहे का तेही पाहावे.