आमच्या खेड्यात गिटारचा क्लास नाही, घरीच शिकता येईल का?

येईल, नक्की. आधी गिटार सुरात लावायला शिका. जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई. मोबाइलवर ट्यूनर (सूर तपासणारं अ‍ॅप) फुकट मिळतो, रोज वाजवण्याआधी लावून घ्या. बेसुऱ्या गिटारवर सराव केला तर कान बिघडतो.

पहिले कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) ई मायनर आणि ए मायनर, मग सी, जी, डी. एफ कॉर्ड अवघड, त्याच्या मागे एवढ्यात लागू नका. बोट फ्रेटच्या (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या) पट्टीला लागून, किंचित मागे दाबा. कमी जोरात स्वच्छ आवाज निघतो. बोटं दुखतील, काही आठवड्यांत घट्टे पडतात.

खरी मेहनत तालावर घ्या, आणि त्यासाठी गावचं भजनी मंडळ धरा. आपल्या विदर्भात तुकडोजी महाराजांमुळे खंजेरी घरोघरी ओळखीची आहे. केरवा हा ताल आठ मात्रांचा. त्यावर एकच कॉर्ड धरून उजवा हात खाली-वर चालू ठेवा. कॉर्ड चुकला तरी हात थांबवायचा नाही. पेटीवाले काका काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) गात असतील तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावा आणि सी कॉर्डच वाजवा, सूर बरोबर जुळतो.

आणि एक, मे महिन्यात गिटार टिनाच्या खोलीत ठेवू नका. 45 अंशांत आतला डिंक नरम पडतो आणि तारांच्या ताणाने ब्रिज (तारा अडकवलेली लाकडी पट्टी) उचलतो. मातीच्या भिंतीच्या थंड खोलीत, तारा जरा सैल करून ठेवा.