रात्री-पहाटे ओरडणारा, पण न दिसणारा हा पक्षी कोणता?

तुम्ही केलेलं वर्णन असं: उन्हाळ्याच्या अखेरीस पहाटे, कधी मध्यरात्रीसुद्धा, तीन सुरांची हाक, दर खेपेला अधिक वरच्या पट्टीत, आणि टिपेला पोचून एकदम बंद. घरचे म्हणतात कोकीळ. मला तो पावशा वाटतो.

गल्लत साहजिक आहे, कारण नर कोकिळाची 'कुऊ'ही चढत जाते. पण ती दोन सुरांची. पावशाची तीन तुकड्यांची, 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' अशी. पाच-सहा वेळा चढून जवळजवळ किंचाळतो, गप्प होतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा खालून सुरुवात. इंग्रजांनी त्याला 'ब्रेनफीव्हर' (मेंदूज्वर) म्हटलं ते उगीच नाही. चांदण्या रात्री तो थांबतच नाही.

तो दिसत नाही म्हणून खट्टू होऊ नका. राखी रंगाचा, दाट पानांत बसणारा, आणि दिसलाच तर शिक्रा हा शिकारी पक्षी समजून तुम्ही सोडून द्याल इतका त्याच्यासारखा. अंडी घालतो सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात.

आवाज ओळखताना गोड की कर्कश हे आधी बाजूला ठेवा. सूर किती, पट्टी चढते की तीच राहते, मध्ये खंड किती, शेवट कसा, एवढं कागदावर रेघांनी काढलं तरी निम्मं काम होतं. उदाहरणार्थ, तांबट पक्ष्याची 'टुक-टुक' एकाच पट्टीत, एकाच लयीत, कंटाळा येईपर्यंत. शिवाय तो डोकं फिरवत ओरडतो, त्यामुळे आवाज भलत्याच दिशेने आल्यासारखा वाटतो. दयाळ उलट: दर वेळी नवी लकेर, म्हणून ठरावीक हाक शोधणाऱ्याला तो चकवतो. भृंगराज तर इतरांच्या नकलाच करतो. तिथे एका हाकेवरून निकाल देऊच नये, पाच मिनिटं ऐकावं.

फोनवर ध्वनिमुद्रण करा. मर्लिन अ‍ॅप आवाजावरून नाव सुचवतं, पण गाड्यांच्या गोंगाटात भलतंच सांगू शकतं. त्याचं उत्तर अंदाज म्हणून घ्या. मग झेनो-कँटो या संकेतस्थळावर पावशाची मुद्रणं लावून आपल्या मुद्रणाशी ताडून पाहा. तिथे आवाजाचा आलेखही दिसतो, त्यात पावशाच्या हाकेच्या पायऱ्या वर चढताना स्पष्ट दिसतात.

एक मात्र नीट मोजा. सूर तीनऐवजी चार असतील आणि हाक चढत न जाता तशीच पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो पावशा नव्हे. कोकीळ-कुळातलाच इंडियन कुक्कू असण्याची शक्यता जास्त.