२०२७ च्या रग्बी विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेचा दहा नंबर कोण असावा : पोलार्ड, लिबॉक की साशा?

बाद फेरीत हँड्रे पोलार्ड. साखळी सामन्यांत साशा फाइनबर्ग-म्न्गोमेझुलूला खुशाल खेळवा. मॅनी लिबॉकला दहा नंबर, म्हणजे संघाचा खेळ चालवणारी आणि बहुतेक वेळा खांबांवर किकही मारणारी जागा, देऊ नये. एवढ्यावर थांबलो असतो, पण प्रश्नाखाली तुम्ही पुस्ती जोडलीय : "किकचं काय, कोल्बे आहे, फाफ होता, कोणीही मारेल. दहा नंबरला चमक असलेला पोरगा हवा." (कोल्बे आणि फाफ हे आफ्रिकेचेच, पण दुसऱ्या जागांवरचे खेळाडू.) ती वाचून राहवलं नाही. हेच वाक्य मी बेळगावात वर्षानुवर्षं ऐकत आलोय आणि त्यापायी हातातला सामना गेलेलाही बघितलाय.

आधी "कोणीही मारेल" याचा हिशेब करू. २०२३ च्या विश्वचषकात आयर्लंडविरुद्ध आफ्रिका १३-८ अशी हरली. त्या सामन्यात लिबॉकने एक कन्व्हर्जन (ट्राय, म्हणजे बॉल गोलरेषेपार टेकवला, की मिळणारी दोन गुणांची किक) आणि एक पेनल्टी (तीन गुणांची किक) घालवली, फाफ डी क्लर्कने दोन पेनल्टी घालवल्या. मिळून अकरा गुण वाया गेले. हरले पाच गुणांनी. पुढच्या वर्षी अर्जेंटिनात २९-२८ ने हरले, तेव्हाही शेवटाकडे लिबॉकची पेनल्टी बाहेर गेली होती. आता सांगा, कोणीही मारेल ते कुठं गेलं?

मी फौजेत होतो. युनिटच्या रग्बी संघात दहा नंबर खेळायचो आणि किकही मीच मारायचो. रिटायर होऊन गावी आलो. आमचं गाव बेळगावजवळच्या उचगाव भागातलं. आमच्याकडे खेळ म्हटलं की कुस्ती आणि फुटबॉल. पोरं फौजेच्या भरतीसाठी पहाटे रस्त्यावर सोळाशे मीटर पळतात, त्यांच्याच पायात मी रग्बीचा बॉल टाकला. आजूबाजूच्या गावांतली मिळून पंधरा पोरं कशीबशी जमली. सोबतीला एक मास्तर आले, वयाने माझ्यापेक्षा मोठे, आयुष्य बेळगावच्या फुटबॉलमध्ये गेलेलं. पोरांना शिस्त लावणं, गाडीभाडं गोळा करणं, जेवणाची सोय, सगळं त्यांनी केलं. त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण संघ निवडायचा शब्दही त्यांचाच चालायचा, आणि तिथं आमचं वाजलं.

दहा नंबरसाठी दोन पोरं होती. एक शाळेपासून फुटबॉल खेळलेला, पाय असा की दोघांच्या मधून कधी निघून जाईल कळायचं नाही. दुसरा सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणारा, बोलायला कमी, पळायला बेताचा. भात कापून झालं की त्याच्या शेतात आम्ही दोन बांबू रोवले आणि मध्ये सुंभाची दोरी बांधली. किकसाठी बॉल ज्यावर उभा ठेवतात ती टी विकत मिळत नव्हती, तर त्याने पाण्याच्या पाइपचा वीतभर तुकडा कापून, वरची कड विस्तवावर वाकवून स्वतःच टी केली. दूध घालून आला की अंधार पडेस्तोवर किका मारायचा. एक दिवस बघतो तर शेजारी पाण्याची बादली. बॉल बादलीत बुडवायचा, तसाच टीवर ठेवायचा आणि मारायचा. मी विचारलं, "काय करूलास रे?" तर म्हणाला, "पावसात खेळायला लागलं तर?" हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

पुढच्या जूनमध्ये कोल्हापूरच्या एका संघाशी मैत्रीचा सामना ठरला. क्रूझर भरून निघालो. निपाणी सोडली आणि पाऊस धरला तो दिवसभर सुटलाच नाही. मैदानावर पोचल्यावर मास्तरांनी नावं वाचली. दहा नंबर फुटबॉलवाला, किकही त्याच्याकडेच, दूधवाला बाहेर. मी बाजूला घेऊन सांगितलं, पाऊस बघा, किक तरी त्या पोराला द्या. मास्तर म्हणाले, "फौजी, ह्याचा वेग बघूलासा न्हाई काय तुम्ही? किक काय, समोरनं कोणबी मारंल." पोरांसमोर वाद नको म्हणून मी गप्प बसलो.

पोरगा खेळला झकास, ते नाकारत नाही. एक ट्राय स्वतः केली, एक दुसऱ्याला करून दिली. दोन्ही कन्व्हर्जन हुकली. शेवटच्या पाच मिनिटांत आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि बावीस मीटरच्या रेषेवर पेनल्टी मिळाली, खांबांच्या जवळजवळ समोर. त्याने पावलं मोजली नाहीत. बॉल पुसला नाही. धावत आला, टेकवायचा डावा पाय चिखलात सरकला आणि बॉल उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. दूधवाला पोरगा हद्दीबाहेर अंगावर गोणपाट घेऊन उभा होता. येताना गाडीत मास्तर म्हणाले, नशीब. त्या दिवसापासून आमचा वाद आहे तो आजतागायत.

नशीब नव्हतं ते. त्या पोराचीही चूक नाही. ज्याने ओल्या बॉलवर कधी किक मारली नाही त्याला भर पावसात टीसमोर उभं केलं, ही निवडणाऱ्याची चूक. किक हे वेगळं काम आहे. टेकवलेला पाय बॉलपासून किती अंतरावर पडतो, बॉल किती कलता ठेवलाय, वारा कुठून आहे, आणि दमून छाती भात्यासारखी चालत असताना साठ सेकंदांत श्वास खाली आणता येतो का, हे सगळं त्यात येतं. वेगवान पाय असलेल्याला ते आपोआप येत नाही.

आता २०२३ चीच सेमी फायनल घ्या, इंग्लंडविरुद्ध. आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली. पॅरिसमध्ये पाऊस पडत होता. लिबॉक दहा नंबरला होता, आणि एकतिसाव्या मिनिटाला त्याला बाहेर काढून पोलार्डला आणलं. पहिल्या अर्ध्यात दहा नंबर बदलायला छाती लागते. इंग्लंड १५-६ पुढे होतं. स्नायमनची ट्राय झाली, पोलार्डने कन्व्हर्जन घातलं, १५-१३. मग ऑक्स न्शेने स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे फॉरवर्ड एकमेकांना रेटतात तिथं, समोरच्याला मोडून पेनल्टी मिळवली. जवळजवळ पन्नास मीटरवरून, ओल्या बॉलवर, सामना संपायला मिनिटं उरलेली. पोलार्डने घातली. १६-१५. हा माणूस पोटरीच्या दुखापतीमुळे मूळ संघात नव्हताच, हूकर माल्कम मार्क्स जायबंदी झाला म्हणून बोलावलेला. फायनलला न्यूझीलंडविरुद्ध आफ्रिकेचे सगळे बारा गुण त्याच्या चार पेनल्टींचे होते. न्यूझीलंडने ट्राय केली तरी ११ वर अडकले, कारण मुउंगाचं कन्व्हर्जन हुकलं आणि शेवटाकडे जॉर्डी बॅरेटची लांबची पेनल्टीही हुकली. २०१९ च्या योकोहामाच्या फायनलमध्येही ३२ पैकी २२ गुण पोलार्डचेच होते. मास्तरांना हे सांगितलं तर म्हणाले, पोलार्ड नशीबवान आहे. दोन फायनल आणि एक सेमी फायनल मिळून एवढं नशीब?

मोक्याच्या जागेवर थंड डोक्याचा माणूस लागतो हे बेळगावकरांना तरी सांगावं लागू नये. १९६४ ला टोकियो ऑलिंपिकच्या हॉकी फायनलमध्ये पाकिस्तानला १-० ने हरवलं तेव्हा गोलमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शंकर लक्ष्मण होते, आणि त्याच संघात आपल्या बेळगावचे बंडू पाटील होते. एका गोलवर सुवर्णपदक येतं तेव्हा गोलकीपर निवडताना कोणी चमक बघत नाही.

तुम्ही स्वतः एखादा संघ चालवत असाल तर एक वही ठेवा. प्रत्येक पोराच्या किका लिहा, डावीकडून, उजवीकडून, कोरडा बॉल, ओला बॉल, आणि मुख्य म्हणजे पळून दमल्यावर. मी ठेवली होती. मास्तरांनी ती उघडून बघितली नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे. ज्यांना "नशीब" म्हणायचंय त्यांनी आधी ती बघावी, मग बोलावं.

लिबॉकबद्दल एवढं सांगायलाच हवं की पास आणि क्रॉस किकमध्ये (मैदानाच्या पलीकडच्या कडेला दिलेली किक) तो तिघांत सरस आहे. स्कॉटलंडविरुद्ध दुसरीकडेच बघत त्याने आरेन्डसेला जी किक दिली ती मी कितीदा तरी बघितलीय. बाकावरून शेवटची वीस मिनिटं, आफ्रिका पुढे असताना, तो सोन्यासारखा आहे. साशाचं म्हणाल तर २०२५ ला डर्बनमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध त्याने एकट्याने ३७ गुण केले, तीन ट्रायसकट. असा पोरगा बाहेर बसवणं जिवावर येतं. विश्वचषकाला तो पंचवीसचा असेल आणि पोलार्ड तेहतीसचा, हेही खरं. साशाने तोवर ओल्या मैदानावर, अटीतटीच्या दोन-चार सामन्यांत शेवटची किक घातली, तर बाद फेरीलाही तोच खेळू दे, माझं काही म्हणणं नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. २०२३ च्या फायनलला त्यांनी बाकावर सात फॉरवर्ड (पुढचे रेटारेटी करणारे गडी) आणि एकच बॅक (मागचा पळणारा) ठेवला होता, विली ली रू. दुसरा दहा नंबर बाकावर नव्हताच. प्रशिक्षक रासी इरॅस्मस २०२७ लाही तोच डाव खेळला, तर सुरुवातीला उतरलेल्या दहा नंबरला ऐंशी मिनिटं किका माराव्या लागतील, आणि एकतिसाव्या मिनिटाला बदलायला मागे कोणी नसेल. तेव्हा तुमची "चमक" बघून नाव लिहू नका.