आयोवातल्या ग्रामीण काउंटीत शेतकऱ्यांचे आणि मुलांचे कार्यक्रम कसे आखावेत?

तुमचा प्रश्न असा: राहुरीहून कृषी पदवी, अमेरिकेत एम.एस., आणि आता जुलैत आयोवा राज्यातल्या एका छोट्या काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) एक्स्टेंशन ऑफिसात, म्हणजे कृषी विस्तार कार्यालयात, रुजू होताय. शेतकऱ्यांसाठी आणि फोर-एचच्या, म्हणजे विस्तार सेवेच्या युवक क्लबांतल्या, मुलांसाठी वर्षाचे दोन आराखडे मागितलेत, तर सुरुवात कुठून करावी?

माझं पहिलं सांगणं हेच, की आराखडे दोन करू नका. मोठ्यांचं आणि मुलांचं काम एकाच कागदावर, एकाच कॅलेंडरात मांडा. मी आयोवातच राहते, आमच्या काउंटीच्या एक्स्टेंशन कौन्सिलवर चार वर्षांची एक मुदत काम केलंय, आणि या एका गोष्टीबद्दल माझं मत अगदी ठाम आहे.

कारण फोर-एचचा जन्मच तसा झाला. १९०१ च्या सुमारास आयोवाच्याच पेज काउंटीत जेसी फील्ड या तरुण शिक्षिकेने मुलांसाठी मका क्लब आणि मुलींसाठी गृह क्लब काढले. पुढच्याच वर्षी ओहायोच्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम यांनी तसंच काम सुरू केलं. त्या काळी शेतकरी आपल्याच कणग्यातली कणसं बियाण्याला ठेवायचे आणि कॉलेजातल्या माणसाचं ऐकायला फारसे तयार नसायचे. पण शाळेतल्या मुलाने प्रत्येक कणसाचे थोडे दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले आणि आठवड्याने ते उलगडून वडिलांना दाखवलं, की हे कणीस उगवलं आणि हे मेलेलं आहे, तर त्यावर वाद कसला घालणार? आपल्याकडे पेरणीआधी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासतात, तीच ही चाचणी. राहुरीला तुम्ही केली असेलच. मुलांच्या हातून नवं ज्ञान घरात शिरतं, हे कळल्यावरच सरकार या कामामागे उभं राहिलं, आणि १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने संपूर्ण देशात विस्तार सेवेला पक्का पाया मिळाला.

तुम्ही महाराष्ट्रातून आला आहात म्हणून एक फरक आधीच ध्यानात घ्या. तिथे विस्ताराचा मोठा भार कृषी खात्यावर, म्हणजे तालुका कृषी अधिकारी, सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहाय्यक) यांच्यावर असतो. इथे तो विद्यापीठाचा, पण पैसा तीन ठिकाणचा: केंद्राचा, राज्याचा आणि काउंटीच्या मालमत्ता कराचा. कराचा वाटा लोकांनी निवडून दिलेलं नऊ जणांचं कौन्सिल ठरवतं. पिकांचे तज्ज्ञ विद्यापीठाचे असतात आणि एकेकाकडे कितीतरी काउंट्या असतात, त्यामुळे त्यांच्या तारखा आधी धरून ठेवाव्या लागतात. आणि काउंटी फेअर, म्हणजे काउंटीची वार्षिक जत्रा, भरवणारं मंडळ वेगळं असतं, ते तुमच्या ऑफिसच्या हाताखाली नाही. नव्या माणसाची पहिली गल्लत बहुधा तिथेच होते.

आता कॅलेंडर. भिंतीवर मोठा कागद लावा आणि त्यावर आधी कामाचे हंगाम लिहा, कार्यक्रम नंतर. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत मक्याची पेरणी, सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत काढणी. या दिवसांत सभा ठेवली तर खुर्च्याच दिसतील. मोठ्यांचं वर्गातलं शिक्षण डिसेंबर ते मार्च. फवारणीच्या परवान्यासाठी लागणारं प्रशिक्षणही हिवाळ्यातच होतं, आणि त्याला शेतकरी येतातच. त्याच दिवशी शेजारच्या खोलीत मुलांचं काहीतरी ठेवा. पालकांची एक फेरी वाचते, आणि एरवी फोर-एचकडे न वळणारी घरंही आत येतात.

एकत्र आखणी म्हणजे काय, हे नायट्रेटच्या उदाहरणाने सांगते. हा आयोवातला सगळ्यात नाजूक विषय आहे. शेतातलं नत्र पाण्यात उतरतं, आणि पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नत्राची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. ‘तुमच्या खतामुळे पाणी बिघडतंय’ असं म्हणत सभा बोलावलीत तर पहिल्या दहा मिनिटांत लोक हाताची घडी घालून बसतील. त्याऐवजी मुलांना घरच्या विहिरीच्या पाण्याचे नमुने आणायला सांगा. खाजगी विहिरींच्या तपासणीसाठी राज्याकडून काउंट्यांना अनुदान मिळतं, म्हणून आरोग्य विभागाला आधीच सोबत घ्या. मग मका सहा इंच ते फूटभर उंच झाला की तीच मुलं वडिलांबरोबर वरच्या एक फूट थरातली माती काढून नायट्रेट चाचणीला देतील. जमिनीत नत्र पुरेसं निघालं तर खताचा पुढचा हप्ता कमी करता येतो, म्हणजे खिशातले पैसे वाचतात. नोंदी मुलाच्या फोर-एच वहीत जातात, आकडा घरच्या जेवणाच्या टेबलावर येतो. तिथे होणारं बोलणं कुठल्याही व्याख्यानात होत नाही.

याला जुना आधारही आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी याच राज्यातल्या दोन गावांत संकरित मक्याचा प्रसार कसा झाला ते तपासलं आणि १९४३ मध्ये छापलं. बियाण्याची बातमी बऱ्याच जणांना विक्रेत्याकडून कळली होती, पण ते पेरायचं मन झालं शेजाऱ्याचं पाहून. म्हणून तुमच्या आराखड्यात पत्रकांपेक्षा शेजाऱ्यांच्या शेतांना जास्त जागा द्या.

गरजा शोधण्यासाठी फक्त ऑनलाइन प्रश्नावली पाठवू नका. ती तीच मंडळी भरतात जी आधीपासून येतात. धान्याच्या एलेव्हेटरवर (म्हणजे धान्य खरेदी-साठवणीच्या कोठारावर), शाळेच्या स्वयंपाकघरात, चर्चच्या तळघरातल्या जेवणात जाऊन बसा. स्टॉर्म लेक, डेनिसन अशा मांस कारखान्यांच्या गावांत शाळेतली कितीतरी मुलं स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली आहेत. त्यांच्याकडे गोठा नाही, जमीन नाही. फोर-एच म्हणजे फक्त वासरू सांभाळणं असं दिसत राहिलं तर ती मुलं बाहेरच राहतील, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण या काउंट्यांचं उद्या त्यांच्याच हातात आहे. त्यांच्यासाठी ससे, कोंबड्या, कुंडीतली भाजी, शिवण, रोबोटिक्स असे प्रकल्प पहिल्या पानावर घ्या, आणि पत्रक दोन्ही भाषांत काढा.

स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासणी आणि मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं, यात तडजोड नाही. वर्षाअखेरीस हजेरीच्या आकड्यांबरोबर किती घरांनी खरंच काही बदललं तेही कौन्सिलपुढे ठेवा. बजेटच्या वेळी त्याचाच उपयोग होतो.

जुलैत रुजू होताय, म्हणजे काउंटी फेअरचा हंगाम असेल. ऑफिसात बसू नका. गोठ्याच्या शेडमध्ये दोन स्पर्धांच्या मधल्या वेळात पालक पंख्यापुढे बसलेले असतात, त्यांच्याजवळ जा आणि विचारा: यंदा शेतात सगळ्यात जास्त चिंता कशाची, आणि मुलाने इथे काय शिकावं असं वाटतं? दोन्ही उत्तरं एकाच कागदावर लिहा. तुमच्या काउंटीत मांस कारखाना आहे का आणि विहिरींवर किती घरं आहेत, ते खाली कळवा. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.