जुन्या रेडिओच्या तबकडीवर नुसते मीटर आहेत. नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झ, मग सुई कुठे लावायची?

५०० मीटरच्या जरा पुढे, साधारण ५१२ वर लावा. ३,००,००० ला मीटरने भागलं की किलोहर्ट्झ मिळतात आणि किलोहर्ट्झने भागलं की मीटर; ३,००,००० ÷ ५८५ = ५१२.८. रेडिओलहर प्रकाशाच्याच वेगाने जाते, सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर, आणि तरंगलांबी (तबकडीवरचे मीटर) गुणिले वारंवारता (किलोहर्ट्झ) म्हणजे हा वेग. नेमका आकडा घेतला तर ५१२.५ येतात, पण तेवढा फरक तबकडीवर दिसतही नाही. यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत असे संच दुरुस्तीला येतात तेव्हा मी हेच गणित करतो.

एक चूक मात्र हमखास होते: दोन खुणांमधलं अंतर त्रैराशिकाने वाटून घेऊ नका. नातं व्यस्त आहे. २०० मीटर म्हणजे १५०० किलोहर्ट्झ, २५० म्हणजे १२००. पन्नास मीटरांत ३०० चा फरक. तेच ५०० ते ५५० मध्ये ६०० वरून जेमतेम ५४५. म्हणून प्रत्येक आकडा वेगळा भागा.

शॉर्टवेव्हच्या बाजूला '४१ मीटर' लिहिलेलं असेल तर ते एका केंद्राचं माप नाही, अख्ख्या पट्ट्याचं नाव आहे. भागाकार ७३१७ किलोहर्ट्झ येईल, पण केंद्रं त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असतात. तिथे सुई हळूहळू फिरवूनच शोधावं लागतं.