यादी मिटा, आधी देवळाचं जोतं बघा

रोमला जायच्या आधी एट्रुस्कन (रोमनांच्या आधीचे मध्य इटलीतले लोक) आणि रोमन कलेतले पन्नास शब्द पाठ करतोय, पण पोडियम, सेला, इम्प्लुव्हियम सगळ्याची खिचडी होते आणि ग्रीक देऊळ कुठलं, रोमन कुठलं तेही ओळखता येत नाही, असं तुम्ही म्हणताय. पाठांतर करून मीही हात टेकले होते. एका देवळापासून सुरुवात करा.

ग्रीक देवळाला चहूबाजूंनी पायऱ्या आणि चहूबाजूंनी खांब. एट्रुस्कन देवळाला मात्र तोंड असतं. उंच जोतं, म्हणजे पोडियम. पायऱ्या फक्त पुढून. वर चढलं की खांबांची खोल ओसरी आणि तिच्या मागे गाभारा, तोच सेला. बऱ्याचदा असे तीन गाभारे शेजारी शेजारी. भिंती कच्च्या विटांच्या, खांब लाकडी, त्यामुळे आज पाया आणि भाजलेल्या मातीचे तुकडे एवढंच उरलंय. पण ते तुकडे काय आहेत! रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात व्हेई या एट्रुस्कन शहरातला अपोलो देवाचा पुतळा आहे, इ.स.पू. ५१० च्या आसपासचा, जवळपास पुरुषभर उंच. हा देवळाच्या आढ्यावर उभा असायचा. त्याच्या दोन पायांच्या मधे बघा, वेलबुट्टीचा एक आधार आहे. नक्षी वाटते, पण भाजलेल्या मातीचं एवढं धूड पेलायला तो दिलाय.

रोमनांनी हाच आराखडा ठेवला, वर ग्रीक साज चढवला. रोममध्ये टायबर नदीकाठचं पोर्टुनस या बंदरांच्या देवाचं देऊळ आवर्जून बघा. ओसरीचे खांब सुटे आहेत, पण बाजूला आणि मागे गेलात की खांब अर्धेच, गाभाऱ्याच्या भिंतीला चिकटलेले. भार भिंत घेते, ते नुसते शोभेला. या लटक्या प्रकाराचं नाव स्यूडोपेरिप्टेरल. नाव लांबलचक आहे, पण एकदा बघितलंत की विसरणार नाही.

आता 'ओपस'. ओपस म्हणजे काम. ओपस सिमेंटिशियम म्हणजे चुना, ज्वालामुखीची राख आणि डबर यांचं काँक्रीट. बाकीची नावं त्यावरच्या दर्शनी थराची. वेडेवाकडे दगड असले तर इन्सर्टम, विटा असल्या तर टेस्टेशियम, आणि शंकरपाळ्यांसारखी जाळी दिसली तर रेटिक्युलेटम. ती शंकरपाळी पाटीसारखी चपटी नसते. दगड पाचरीसारखा निमुळता असतो आणि टोक आत काँक्रीटमध्ये रुतलेलं असतं. पुस्तकांत आणखी नावं सापडतील, तुम्हाला तीन पुरेत.

याच काँक्रीटचा रोममधल्या पँथिऑन या देवळाचा घुमट, व्यास सुमारे ४३.३ मीटर. वर जाताना आतलं डबर हलकं होत जातं, माथ्याजवळ प्युमिस हा सच्छिद्र, हलका दगड घातलाय. मधलं भोक, ऑक्युलस, उघडंच आहे. पाऊस आत पडतो, म्हणून फरशीत पाणी जायला भोकं आहेत. वर बघून झालं की खाली तीही शोधा.

अ‍ॅट्रियम म्हणजे वाड्यातला चौक समजा. छपरातली उघडी जागा कॉम्प्लुव्हियम, तिच्याखालचं उथळ टाकं इम्प्लुव्हियम. पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरात घरोघरी दिसेल.

तुमच्या यादीत 'बुकेरो' इमारतींच्या रकान्यात आलाय, तो तिथून काढा. ती एट्रुस्कनांची काळी, तकतकीत भांडी. भट्टीत हवा शिरू न देता भाजायचे, त्यामुळे माती आतपर्यंत काळी होते. फुटका तुकडा असेल तर त्याची कड बघा, रंग वरून दिलेला नाही हे लगेच कळतं.